पिंग जातो, फोटो अडकतो : मक्सवरचा इथरनेट पोर्ट नीट कसा लावायचा

प्रश्न थोडक्यात असा. निपाणी भागातल्या एका साखर कारखान्याचा वजनकाटा आणि बेळगावातलं कार्यालय यांच्यामध्ये फायबरवर एसटीएम-१ मक्सची, म्हणजे अनेक लिंका एका फायबरवरून एकत्र नेणाऱ्या मल्टिप्लेक्सरची, साखळी आहे. दोन टोकांना एकेक मक्स, मधे संकेश्वरला तिसरा. काट्याच्या लिंकसाठी ५ व्हीसी-१२ (एसटीएम-१ मधले सुमारे २ एमबीचे कप्पे) दिलेत, म्हणजे बोलीभाषेत '१० एमबीची लिंक'. कारखान्याकडच्या राऊटरचा पोर्ट १०० फुल (१०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स) असा फिक्स केलाय, मक्सचा पोर्ट ऑटोवर आहे, म्हणजे समोरच्याशी वाटाघाटी करून ठरवणारा. पिंग व्यवस्थित जातो, काट्याची पावती लगेच उमटते, पण ट्रॅक्टर-ट्रॉलीचा फोटो पाठवला की अडकतो आणि गाळप जोरात असताना तर सगळंच रखडतं. मक्सवर एकही लाल अलार्म नाही. पोर्टच्या कोणकोणत्या सेटिंग्ज बघायच्या?

प्रश्नातल्या माहितीवरून पहिला संशय सरळ आहे : डुप्लेक्सचा मेळ नाही, म्हणजे एक बाजू फुल (दोघांनी एकाच वेळी बोलायचं) आणि दुसरी हाफ (आळीपाळीने बोलायचं) धरून बसलीय. पण एवढंच दुरुस्त करून थांबू नका. याच लिंकवर आणखी दोन-तीन गोष्टी तशाच दडलेल्या असण्याची शक्यता मोठी आहे आणि त्यांची लक्षणं वरवर एकसारखीच दिसतात.

मक्सवरचा इथरनेट पोर्ट स्विचच्या पोर्टासारखा दिसतो, आरजे-४५ ही तसाच, हिरवा दिवाही तसाच. पण त्याला दोन तोंडं आहेत. बाहेरचं तोंड शेजारच्या राऊटरशी बोलतं : वेग, डुप्लेक्स, फ्लो कंट्रोल, फ्रेमची कमाल लांबी, टॅग. आतलं तोंड पंचाहत्तर किलोमीटरवरच्या दुसऱ्या मक्सच्या कार्डाशी बोलतं : किती व्हीसी-१२, कोणत्या क्रमाने, जीएफपी (इथरनेटच्या फ्रेम व्हीसीत भरायची पद्धत), एलकॅस (गटातले सदस्य कमी-जास्त झाले तरी सांभाळणारी सोय). बाहेरच्या तोंडाचा मेळ शेजाऱ्याशी घालायचा, आतल्याचा पलीकडच्या टोकाशी. बरेच घोळ होतात ते 'दोन्ही मक्सचे पोर्ट एकसारखे लावले, मग झालं की' या समजुतीने. निपाणीचा पोर्ट १०० फुल आणि बेळगावचा पोर्ट १००० ऑटो असला तरी काही बिघडत नाही, कारण ते एकमेकांशी बोलतच नाहीत. बोलतात ते आतले व्हीसीजी, म्हणजे व्हीसी-१२ चे गट.

बाहेरचं तोंड : डुप्लेक्स

एका बाजूला फिक्स आणि दुसऱ्या बाजूला ऑटो असलं की काय होतं ते जवळून बघा. फिक्स केलेला राऊटर वाटाघाटीचे पल्स पाठवतच नाही. ऑटोवरचा मक्स वाट बघतो, समोरून फक्त १०० चा सिग्नल येतोय एवढंच ओळखतो. वेग सिग्नलच्या रूपावरून कळतो, डुप्लेक्स कळायला मार्ग नाही. अशा वेळी हाफ धरायचं हा नियमच आहे. म्हणजे लिंक वर, दिवा हिरवा, वेग दोन्हीकडे १००, पण राऊटर फुल आणि मक्स हाफ.

आता मक्स काही पाठवत असताना राऊटरने पाठवायला सुरुवात केली, की मक्सला ती टक्कर वाटते. तो आपली फ्रेम अर्ध्यात सोडतो. राऊटरच्या हाती ते अर्धवट तुकडं येतं, तो ते एफसीएस चूक (फ्रेमची तपास-बेरीज जुळत नाही) किंवा रन्ट (फार आखूड फ्रेम) म्हणून मोजतो. राऊटर स्वतः फुलवर असल्याने टक्कर ही गोष्ट त्याच्या गावीच नाही. तो पाठवतच राहतो आणि त्याचीही ती फ्रेम मक्सवर वाया जाते. टक्कर पहिल्या ६४ बाइटांच्या आत झाली तर मक्स थांबून पुन्हा प्रयत्न करतो. त्यानंतर झाली तर ती 'लेट कोलिजन', आणि ती फ्रेम पुन्हा पाठवली जात नाही. वरच्या टीसीपीने (डेटा पोचला की नाही हे सांभाळणाऱ्या प्रोटोकॉलने) वाट बघून परत पाठवायची, तोवर फोटोची पट्टी तिथेच उभी.

पिंग का सुटतो हेही यातच आलं. पिंग म्हणजे एक जातो, मग एक येतो. दोघं एकाच वेळी बोलतच नाहीत, तर टक्कर कुठली? पावती म्हणजे दोन-चार छोटी पॅकेट. फोटो मात्र सलग पॅकेटांची रांग, आणि उलट दिशेने त्यांच्या पोचपावत्या.

खात्री करायला काउंटर बघा, पण जोडीने. मक्सच्या पोर्टवर कोलिजन आणि लेट कोलिजन वाढताहेत, राऊटरच्या पोर्टवर एफसीएस आणि रन्ट वाढताहेत, अशी जोडी दिसली की निदान पक्कं. एकट्या एफसीएस चुकांवरून डुप्लेक्सला दोष देऊ नका. सैल आरजे-४५, हिरवट गंज चढलेल्या पिना किंवा कारखान्यातल्या मोठ्या मोटरशेजारून नेलेली केबल यांनीही एफसीएस वाढतात, पण तेव्हा लेट कोलिजन वाढत नाहीत. बघण्याआधी काउंटर शून्य करा, फोटो पाठवत ठेवा आणि पाच मिनिटांनी बघा. दोन वर्षांचे साठलेले आकडे बघून काहीच कळत नाही.

उपाय दोन, दोन्ही चालतात : दोन्हीकडे ऑटो, किंवा दोन्हीकडे १०० फुल फिक्स. मी ऑटोच्या बाजूचा आहे, कारण उद्या कोणी राऊटर बदलला तर नवा बहुधा ऑटोवरच येणार आणि तुमचा फिक्स केलेला मक्स पुन्हा हाच खेळ मांडणार, फक्त बाजू बदलून. कार्डात सोय असेल तर ऑटो ठेवून जाहिरात फक्त १०० फुलची करावी. वेगही ठरलेला राहतो, वाटाघाटीही होते. फिक्स करायचंच ठरवलं तर एक लक्षात ठेवा : बऱ्याच उपकरणांत ऑटो बंद केल्यावर केबल सरळ की क्रॉस हे आपोआप ओळखणंही बंद होतं. सेटिंग बदलताक्षणी लिंक गेली तर घाबरू नका, क्रॉस केबल लावून बघा.

गिगाबिट तांब्यावर हा वादच नाही. तिथे दोन टोकांपैकी घड्याळ कोणाचं हे वाटाघाटीतच ठरतं, म्हणून ऑटो हवाच. गिगाबिट ऑप्टिकलला वेग ठरलेलाच असतो, पण वाटाघाटी एका बाजूला चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद असेल तर एका टोकाला लिंक वर आणि दुसऱ्या टोकाला खाली असं विचित्र चित्र दिसतं. लाईट दोन्हीकडे उत्तम मोजली जाते आणि माणूस फायबर साफ करत बसतो. दोन्हीकडे चालू, नाहीतर दोन्हीकडे बंद. आणि १०० चा मीडिया कन्व्हर्टर (तांब्याचं फायबर करणारी डबी) गिगाबिट एसएफपीला (पोर्टात बसणाऱ्या ऑप्टिकल मॉड्यूलला) लावून लिंकची वाट बघू नका. दोन्ही १३१० नॅनोमीटरचे असले, लाईट पडत असली तरी ते एकमेकांची भाषा समजत नाहीत.

बदल कोणत्या क्रमाने करायचा? मक्सचं व्यवस्थापन एसटीएमच्या ओव्हरहेडमधल्या डीसीसी वाहिनीवरून चालतं, ते ग्राहकाच्या इथरनेटवर अवलंबून नसतं. म्हणून बेळगावात बसून निपाणीच्या मक्सचा पोर्ट निर्धास्त बदलता येतो. कारखान्याच्या राऊटरमध्ये मात्र तुम्ही याच लिंकवरून शिरला असणार. तिथे चूक झाली तर गाडी काढून जावं लागेल. तेव्हा आज फरक बघायला मक्स १०० फुल करा. टक्करी थांबल्याचं दिसलं की गाळपाच्या गर्दीबाहेरची वेळ बघून, काट्यावर माणूस उभा असताना, दोन्ही बाजू ऑटोवर आणा.

फ्रेमची लांबी : लक्षण तेच, रोग वेगळा

एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, चुकला तरी हेच होतं : पिंग जातो, पावती जाते, फोटो नाही. फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. डुप्लेक्सचा दोष टक्केवारीत दिसतो, कधी जातं कधी नाही. लांबीचा दोष सुरीने कापल्यासारखा असतो.

'तुकडे करू नका' हा पर्याय लावून पिंगचा आकार वाढवत न्या. १४७२ बाइट डेटा, ८ आयसीएमपी, २० आयपी, मिळून १५००. त्यावर इथरनेटचे १८ धरले की १५१८ ची फ्रेम. राऊटर व्हीलॅन टॅग (फ्रेम कोणत्या गटाची हे सांगणारी चिठ्ठी) लावत असेल तर आणखी ४, म्हणजे १५२२. कार्डाची कमाल लांबी १५१८ वर राहिली असेल तर १४६८ चा पिंग शंभर वेळा जाईल आणि १४६९ चा एकदाही जाणार नाही. बरोबर ४ बाइटांचा फरक आला की टॅगच समजा. दुहेरी टॅग असेल तर १५२६ लागतात, एमपीएलएस असेल तर प्रत्येक लेबलामागे ४. कार्ड घेत असेल तर १६०० किंवा जास्त ठेवून द्या. मोठी मर्यादा ठेवण्याने इथे काही बिघडत नाही. मर्यादा दोन्ही मक्सवर बघा, कारण टॅग असलेली फ्रेम एका टोकाला आत शिरते आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडताना टाकली जाते, असंही होतं. तशा वेळी 'ओव्हरसाइझ'चा आकडा ज्या टोकाला बघायला कोणी जात नाही तिथे वाढत असतो.

आतलं तोंड : व्हीसी-१२ ची मोळी

एका व्हीसी-१२ मध्ये इथरनेटसाठी २.१७६ एमबीपीएस जागा असते. पाच म्हणजे १०.८८. १०० एमबीपीएस पूर्ण द्यायचं तर ४६ लागतात, ते १००.०९६ होतात, गिगाबिटला ७ व्हीसी-४, म्हणजे १०४८.३२. एसटीएम-१ मध्ये एकूण ६३ व्हीसी-१२ च मावतात, म्हणून प्रत्येक काट्याला ४६ देणं परवडत नाही आणि गरजही नसते.

पण १०.८८ म्हणजे १०.८८ चा डेटा नव्हे. जीएफपी प्रत्येक फ्रेममागे ८ बाइट लावतं, पर्यायी एफसीएस चालू केलं तर आणखी ४. उलट तारेवर प्रत्येक फ्रेमपुढे-मागे जे २० बाइट जातात, म्हणजे प्रीॲम्बल आणि मधली मोकळी जागा, ते मक्स काढून टाकतो. म्हणून मोठ्या फ्रेमला टीसीपीचा शुद्ध डेटा सुमारे १०.४ एमबीपीएस मिळतो. '१० ची लिंक' हे नाव त्यामुळे बरोबरच आहे.

मोळी बांधताना दोन्ही टोकांना जुळवायच्या गोष्टी : सदस्यांची संख्या, एन्कॅप्सुलेशन जीएफपी-एफ, जीएफपीचं एफसीएस चालू की बंद, स्क्रॅम्बलिंग, आणि एलकॅस चालू की बंद. दोन वेगळ्या बनावटीचे मक्स जोडत असाल तर कार्डाचं मूळ एन्कॅप्सुलेशन आधी बघा. जुन्या कार्डांवर ते उत्पादकाचं स्वतःचं किंवा एलएपीएस असतं. अशा वेळी एसटीएमवर सगळं हिरवं दिसतं, पोर्टही वर असतो आणि एकही फ्रेम पलीकडे निघत नाही. जीएफपीचा 'एलएफडी' (फ्रेमची सीमा सापडत नाही) किंवा पाथचा 'पीएलएम' (आतला माल अपेक्षेपेक्षा वेगळा) अलार्म उघडून बघितला तर तिथे मिळतो. काही सॉफ्टवेअरवर तो किरकोळ श्रेणीत टाकलेला असतो, म्हणून लाल दिवा लागत नाही.

तुमच्याकडे संकेश्वर मधे आहे, आणि क्रॉस-कनेक्टचा (आलेला व्हीसी-१२ पुढे कुठे जोडायचा याचा) घोळ बहुतेक वेळा मधल्याच ठिकाणी होतो. व्हीसी-१२ चे क्रमांक मोजायच्या दोन पद्धती चालतात. एकीत २ नंबरचा व्हीसी-१२ म्हणजे दुसऱ्या टीयूजी-३ (व्हीसी-१२ चा मोठा गट) मधला पहिला, केएलएम २-१-१, म्हणजे मोठा गट, त्यातला छोटा गट आणि त्यातला व्हीसी-१२ असा तीन आकडी पत्ता. दुसरीत २ नंबर म्हणजे १-१-२. पहिल्या पद्धतीत हाच १-१-२ थेट २२ नंबरला जातो. दोन बनावटींच्या मक्समध्ये '१ ते ५ जोडा' असा निरोप फोनवर दिला की पाचातला एक-दोनच नीट जुळतात, बाकीचे भलतीकडे. म्हणून फोनवर, वहीत आणि लेबलवर नेहमी केएलएम सांगा, एकेरी क्रमांक नको.

एलकॅस बंद असेल तर क्रमही पाळावा लागतो. पाच सदस्यांपैकी दोनांची अदलाबदल झाली की क्रम चुकल्याचा 'एसक्यूएम' अलार्म येतो आणि अख्खा गट बंद. एलकॅस चालू असेल तर एखादा सदस्य मेला तरी बाकीच्या चारांवर गट चालत राहतो. ही सोय चांगली, पण तिच्यामुळे बिघाड झाकलाही जातो : लिंक चालू, अलार्म किरकोळ, आणि वेग गुपचूप ८.७ वर. 'सक्रिय सदस्य किती' हे पान महिन्यातून एकदा तरी उघडावं.

रिंग असेल तर एकच मोळी दोन्ही दिशांना वाटायची का, असं लोक विचारतात : ३ एकीकडून, २ दुसरीकडून, म्हणजे केबल तुटली तरी काहीतरी उरेल. फायबरमध्ये किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे दोन मार्गांत १०० किलोमीटरचा फरक असला तरी अर्ध्या मिलिसेकंदाचाच फरक पडतो. कार्ड सहसा तेवढं सांभाळतं, तरी त्याची मर्यादा कागदावर बघून घ्या. माझं मत विचाराल तर ५ व्हीसी-१२ सारख्या बारक्या लिंकला हा खटाटोप नको. पाचही एकाच मार्गाने न्या आणि प्रत्येकाला एसएनसीपीचं (मार्ग तुटला की आपोआप दुसऱ्या मार्गावर जाण्याचं) संरक्षण द्या. महामार्गाकडेला जेसीबीने केबल तोडली की ५० मिलिसेकंदांत पूर्ण १० एमबी दुसरीकडून चालू. वाटलेल्या मोळीत ६.५ वा ४.४ उरतात आणि राऊटर मात्र अजून १० चाच हिशेब धरून पाठवत असतो.

शंभरची तोटी, दहाची नळी

गाळपाच्या वेळी सगळंच रखडतं, या तक्रारीचं मूळ इथे असू शकतं. पोर्ट १०० चा, मोळी १०.८८ ची. राऊटर १०० ने ओततो, मक्सचा बफर लहान, भरला की सांडतो. मक्सवर ही कत्तल 'डिस्कार्ड' किंवा 'ड्रॉप' म्हणून मोजली जाते, चूक म्हणून नाही. त्यामुळे एरर काउंटर स्वच्छ दिसतो.

उपाय तीन सांगितले जातात. पोर्टच १० फुल करून टाकणे : चालतं, आणि साध्या स्विचला शेपिंग (ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त न सोडणं) येत नसेल तर तोच मार्ग, पण दोन्हीकडे नीट जुळवा, नाहीतर पुन्हा डुप्लेक्स. दुसरा, फ्लो कंट्रोल : मक्स पॉझ फ्रेम पाठवतो, राऊटर थांबतो. ऐकायला छान, पण पॉझ सगळ्यांनाच थांबवतो. फोटोच्या गर्दीत पावतीही थांबते. आणि काही राऊटर पॉझ मानतच नाहीत. तिसरा आणि खरा उपाय, राऊटरवर शेपिंग. राऊटरला कळतं की पावती आधी सोडायची आणि फोटो मागे ठेवायचा. मक्सला ते कळत नाही.

आकडा किती ठेवायचा? राऊटर शेपिंग करताना फक्त आयपीचे बाइट मोजत असेल तर लहान पॅकेटांवर गणित फसतं. लिंकवर फोनही चालतो असं धरा. जी-७११ च्या (फोनच्या आवाजाच्या एका पद्धतीच्या) २० मिलिसेकंदांच्या पॅकेटमध्ये आयपीचे २०० बाइट, इथरनेटसह २१८, जीएफपीसह २२६. सगळी तशीच पॅकेट असली तर १०.८८ मध्ये आयपीचे ९.६ च मावतात. म्हणून ९.५ ठेवा, नुसतेच फोटो आणि फायली असतील तर १० चालेल. हे शेपिंग दोन्ही टोकांना हवं. बेळगावकडून काट्याच्या संगणकाला मोठा अपडेट सुटला की तीच रांग उलट दिशेने लागते.

व्हीलॅनबद्दल एवढंच : एका पोर्टाला एक मोळी अशी साधी जोडणी असेल तर कार्ड पारदर्शक ठेवा, टॅगला हात लावू नका. एकाच कार्डातून अनेक ग्राहक वेगळे करायचे असतील तेव्हाच टॅग बघणारा प्रकार निवडा, आणि तेव्हा टॅग नसलेल्या फ्रेमचं काय होणार हे आधी तपासा. पोर्ट 'टॅगवाला' लावला आणि राऊटर बिनटॅगचं पाठवत असला तर सगळं मुकाट्याने टाकलं जातं. आणि कारखान्याचा सपाट स्विच थेट मक्सला जोडू नका. तिथल्या शंभरभर यंत्रांचा ब्रॉडकास्ट उगीच १० एमबीतून बेळगावात येत राहतो.

नावाचा एक सापळा

आपल्याकडे हा हटकून सापडणारा प्रकार. पाथ ट्रेसमध्ये (सिग्नल योग्य ठिकाणाहून येतोय हे ओळखायच्या खुणेत) १५ अक्षरांचं नाव पाठवता येतं आणि पलीकडे तेच नाव अपेक्षित म्हणून लिहिता येतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. जुन्या मक्सवर ट्रेसमध्ये जुनं इंग्रजी नाव, नव्याने लावलेल्यावर नवं; मग नाव जुळत नाही म्हणून 'टीआयएम' अलार्म. नुसता अलार्म आला तर एक वेळ ठीक, पण काही उपकरणांत टीआयएम आला की पुढे डेटाच्या जागी एआयएस (बिघाड झाल्याचा संकेत) घालण्याचं सेटिंग मुळातच चालू असतं. मग कोणीतरी नोडचं नाव 'दुरुस्त' करतो आणि धडधाकट लिंक बंद पडते. शहराला काय म्हणायचं हा वाद मक्समध्ये नेऊ नका. ट्रेसमध्ये नोडचा क्रमांक आणि केएलएम लिहा, ते कुठल्याच भाषेत बदलत नाहीत.

तारा, लाईट, हवा

मक्सची खोली आणि काट्याची केबिन वेगवेगळ्या इमारतींत असेल तर मधे तांब्याची केबल टाकू नका, अंतर १०० मीटरच्या आत असलं तरी. एप्रिल-मेमधला वळीव सुरू झाला की दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक त्या केबलमधूनच वाट शोधतो आणि कार्डाचा एकेक पोर्ट जातो. अर्धा मेलेला पोर्ट पूर्ण मेलेल्यापेक्षा वाईट : दिवा लागतो, येतं, पण जात नाही. उद्यमबागेसारख्या ठिकाणी, इंडक्शन भट्टीच्या फौंड्रीत, तर फायबरशिवाय बोलूच नये. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात बंद खोलीतही पिनांवर ओल धरते. तिथे रिकाम्या एसएफपीला आणि पॅच कॉर्डच्या टोकांना टोपणं हवीतच.

संकेश्वर-निपाणीसारख्या जवळच्या टप्प्याला लांब पल्ल्याचा एल-१.२ एसएफपी लावला असेल तर लाईट जास्त होते. ० डीबीएम (लाईटच्या ताकदीचं माप) सोडणारा एसएफपी सुमारे ७ डीबीची घट होऊन -७ वर पोचतो, आणि त्या प्रकाराची वरची मर्यादा -१० आहे. ५ डीबीचा ॲटेन्युएटर घाला. 'लाईट भरपूर येतेय' म्हणून खूश होऊ नये. निळं आणि हिरवं कनेक्टर एकमेकांत घालू नये हे वेगळं सांगायला नको, तरी लोक घालतात.

तपासणी, आणि सगळ्यात शेवटी एलपीटी

लूप मारून, म्हणजे पाठवलेलं पलीकडून तसंच परत फिरवून, इथरनेट तपासू नका. दोन एमबीच्या ई-१ ला लूप मारायची सवय हाताला असते, पण इथरनेटमध्ये स्विचला स्वतःचीच फ्रेम परत मिळते आणि तो पोर्ट बंद करतो, किंवा त्याचं मॅक टेबल भरकटतं. दोन लॅपटॉप घ्या, दोन टोकांना थेट मक्सला लावा, आणि आयपर्फने (वेग मोजायच्या प्रोग्रामने) यूडीपी, म्हणजे पोचपावती न मागणारी पॅकेट, सोडा. १० एमबीपीएसला दहा मिनिटं गळती शून्य हवी. १०.८ ला गळती दिसायलाच हवी. ती दिसली की पाचही सदस्य काम करताहेत आणि मर्यादा तीच आहे हे कळतं. गळती ८.४ च्या आसपासच सुरू झाली तर चारच चालू आहेत, संकेश्वरला जा. मग दोन्ही दिशा एकदम सोडून बघा, कारण डुप्लेक्सचा दोष एकाच दिशेने सोडल्यावर लपून राहतो.

मोठ्या पिंगच्या वेळेवरूनही अंदाज येतो. ७५ किलोमीटरचं जाऊन-येऊन पाऊण मिलिसेकंद होतं, आणि १५०० बाइटांचं पॅकेट १०.८८ वर चढायला प्रत्येक दिशेला १.१. रिकाम्या लिंकवर मोठा पिंग तीन-पाच मिलिसेकंदांत परत यायला हवा. गर्दीत तो चाळीस-पन्नासवर गेला तर ती रांग आहे, फायबरचा दोष नव्हे.

एलपीटी, म्हणजे एका टोकाची लिंक गेली की दुसऱ्या टोकाचाही पोर्ट पाडायची सोय. ती नसेल तर फायबर तुटलं तरी बेळगावच्या राऊटरला आपला पोर्ट वरच दिसतो आणि ओएसपीएफला (राऊटरांच्या मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलला) शेजारी गेल्याचं कळायला नेहमीच्या सेटिंगवर ४० सेकंद लागतात. तोवर काट्यावर ट्रॉल्यांची रांग. म्हणून एलपीटी हवीच, पण सर्वांत शेवटी चालू करा. सुरुवातीलाच केली तर निपाणीला केबल लावलेली नाही म्हणून बेळगावचा पोर्ट पडतो, बेळगावचा पडला म्हणून निपाणीचा उठत नाही, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना फोनवर 'तुमच्याकडेच प्रॉब्लेम आहे बघा' म्हणत राहतात. थांबण्याची वेळ ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त ठेवा, २०० ठीक; नाहीतर रिंगने मार्ग बदलला की दर वेळी राऊटिंगही कोसळेल. आणि मधे मीडिया कन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचा लिंक-फॉल्टचा छोटा डिप-स्विचही चालू करा. तो बंद असला तर मक्स आपला पोर्ट पाडतो, पण कन्व्हर्टर राऊटरकडची लिंक तशीच धरून ठेवतो.